चार दिवस गादीवर

बाबा, सोमवारपासून दुकान बंद करायचं ठरलं होतं. वर्ध्याच्या एका शाळेनं संस्कृत शिकवायला बोलावलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला असं बोलावणं दुसऱ्यांदा येत नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. आज संध्याकाळपर्यंत त्यांना होकार हवा होता. हे तुम्हाला सांगायचं कारण असं की हिंगणघाटच्या या शेरवानी-कुर्त्याच्या गादीवर मला तुम्हीच बसवलंत. "गुडघे दुखून राह्यले, चार दिवस बस," म्हणालात. मी एम.ए.चा निकाल खिशात घेऊन बसलो. गुडघे बरे झाले नाहीत, तुम्ही गेलात, आणि ते चार दिवस अजून चालूच आहेत. व्याकरणात प्रत्येक क्रियेला काळ असतो. तुमच्या दुकानदारीत तो मला कुठं सापडला नाही.

तसे तुम्हीही आचार्यच होतात, फक्त सूत्रं लिहून ठेवली नाहीत. नवरदेवाचे कपडे मुलीच्या बापानं घ्यायचे आणि पसंत मात्र मुलाच्या मामानं करायचे, ही आपल्याकडची रीत. या दोघांना एका गादीवर बसवून चहा पाजायचा म्हणजे यज्ञच. मला ती दुपार अजून दिसते. आंजीची मंडळी आलेली आहे, तुम्ही एकामागून एक शेरवानी उलगडताय, बोलताय मामाशी आणि नजर मात्र मुलीच्या बापाच्या हातांवर. किंमत ऐकून त्यानं हात गुडघ्यावर दाबले, की तुम्ही तो नग नवरदेवाच्या खांद्याला लावता आणि हळहळता, "भाऊ, हा रंग चेहरा खाऊन राह्यला." मंडळी गेल्यावर मी म्हणालो, खोटं बोलता तुम्ही. तुम्ही घड्या घालता घालता वर न बघता म्हणालात, "कोनाले लागलं ते खोटं? पोरगं खूश, बाप खूश. तुह्या पोथीत याले काय म्हन्तात, ते तू पाह्य. आन् एक ध्यानात ठेव, गादीवर बसलेल्या गिऱ्हाइकाले नाई म्हनाचं नाई."

तेही चाललं असतं. पण कोपऱ्यातलं ते कपाट? लग्नघरात पाहुणे आणि उंदीर दोन्ही फार, म्हणून नवरदेवाचा पोशाख हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत दुकानातच ठेवून घ्यायचा, ही सेवा तुम्हीच सुरू केलीत. तालुक्यात तुमचं नाव झालं. पण त्यामुळे आपल्या कपाटात कुणाचा ना कुणाचा नवरदेव कायम टांगलेला, आणि तो टांगलेला असेपर्यंत दुकानाला कुलूप लावायचं कसं? ते रिकामं व्हावं म्हणून मी या दिवाळीनंतर नवी लग्नं घेणंच थांबवलं. फळीवर माल नाही, तळेगावला जा, असं फोनवर सांगत राहिलो. फोनवरचं गिऱ्हाईक गादीवर बसलेलं नसतं. काल शेवटचा पोशाख गेला. मी ते उघडं कपाट बराच वेळ बघत उभा होतो.

आज दुपारी अल्लीपूरची मंडळी आली. सकाळपासून वाक्य तयार होतं: दुकान बंद झालं आहे, क्षमा असावी. मामानं दारातूनच विचारलं, "काऊन जी, फळ्या खाली दिसून राह्यल्या?" मी म्हणालो, "बसा." झालं. मामानं उरलेल्या मालातली जरीनं मढवलेली मरून शेरवानी ओढली. "हेच काढा. लगन काय रोज रोज होते?" मुलीचा बाप म्हणाला, "घ्या ना, मी कुठं नाई म्हन्तो," आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर गेले. त्यानंतर मी काही ठरवलं असं म्हणता येत नाही. साधी मोतिया रंगाची काढली, पोराच्या खांद्याला लावली. "मामाजी, मांडवात नवरदेव दिसाले पाह्यजे का जरी?" मामानं मान वाकडी करून पाहिलं. पोरगं आरशात स्वतःवरच खूश होऊन हसलं. मुलीच्या बापानं चहाचा कप उचलला, तेव्हा कळलं की चहा इतका वेळ तसाच होता.

"बाह्या आखूड करा लागतीन," मी म्हणालो.

"करा," मामा म्हणाला. "हळदीच्या आंधी नेऊ, तुमच्या इथं तसंच असते ना. पन दुकान चालू राहीन ना तवा? गावात आयकलं, तुमी मास्तर होऊन राह्यले."

मुलीचा बाप माझ्याकडे बघत होता. हळद पुढच्या महिन्यात होती. "राहीन," मी म्हणालो. मामानं विचारलं, "आन् फेटा बांधाले कोन?" "मीच येईन." मोतिया शेरवानी कपाटात टांगली आणि दार लावलं.

तासाभरानं शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. गोड बोलतात बाई. "येताय ना सर सोमवारी?" मी म्हणालो, "नाही." इतकं स्वच्छ, एका शब्दात, की मीच चपापलो. तुम्ही गिऱ्हाइकाला नाही म्हणू नको म्हणाला होतात. बाई गिऱ्हाईक नव्हत्या.

हा कागद घडी घालून ठेवतोय. तुम्हाला पाठवायची सोय नाही हे बरंच आहे, कारण एक गोष्ट तुमच्या कानावर जायला नको. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, पण ते मागाहून. आधी हायसं वाटलं.