मिनूची वाकडी वेणी

मंगळवार, संध्याकाळ

...कपडे वाळत घालून झाले, पोहे भिजवले आणि मिनूची वेणी घालायला बसले, तशी तिने कंगवाच भिरकावला. चार वर्षांची नात माझी, इथल्या शाळेमुळे हिंदीच बोलते. शाळेने बजावलंय, आता कुणाला चावली तर नाव काढून टाकू.

मुलगा, सून दोघं नोकरीत, म्हणून नेपियर टाउनच्या पालकांच्या वर्गाला मीच जाते. तिथल्या दीदी म्हणतात, आधी लेकराच्या मनातलं बोलून दाखवा, शिस्त नंतर. मला ते नाटकच वाटायचं. तरी आज म्हटलं, "मिनू, राग आला ना?"

"हाँ! बहुत आया!"

"काहून गं?"

"आजोबा ऐसे नहीं खींचते थे."

तिची वेणी हे घालायचे. इतकी सैल, इतकी वाकडी, की आमच्या दीक्षितपुऱ्यातल्या बाया हसायच्या. ती वाकडी वेणी! हे गेल्यापासून आम्ही तिच्यासमोर त्यांचं नावही काढत नाही. काय समजत होते मी, पोर विसरली?

माझे डोळे भरले. तर ही बया कमरेवर हात ठेवून विचारते, "आजी, तुझे भी राग आया?"

"राग नाही गं. आठवण आली."

"मुझे भी," म्हणाली आणि कंगवा आणून दिला. मग त्या वाकड्या वेणीच्या आठवणीने दोघी पोट धरून हसलो.

बुधवार

मिनूला शाळेत सोडायला मीच गेले. बाईंना सांगितलं, हिचे आजोबा वारले, आणि आम्ही हिला रडूच दिलं नाही, तेच चावण्यातून बाहेर येतंय.