डायल न कळणारी डबी

अण्णा, काष्टी गावातली फोनची तांब्याची तार या आठवड्यात काढली. टेलिफोन खात्याची माणसं ती खांबावरून खाली ओढत होती तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते आणि मनात एकच धास्ती होती, कर्जतहून तुमच्या थोरल्या लेकीचा, अक्काचा फोन आता कुठे लागणार? तिला दिसेनासं झाल्यापासून तिच्या बोटांना हा एकच नंबर पाठ आहे. दुपारची जेवणं झाली की ती रोज लावते.

जोडणीला एक बाई आली. तिने भिंतीवर मुठीएवढी डबी बसवली. एका बाजूने इंटरनेट आत, दुसऱ्या बाजूला तुमचा काळा डायलचा फोन. "नंबर त्योच ऱ्हातोय मावशी. पर ह्यो फोन माज्यापेक्षा थोरला दिसतोय." मी म्हटलं, "तुज्या सासूपेक्षाबी. हळू धर." मग मी तिला विचारत सुटले. डबी आवाजाचे बारीक तुकडे करते, पाठवते, पलीकडे ते पुन्हा जोडतात. फॅक्सचं यंत्रही असंच जोडता येतं म्हणे, पण वाटेत तुकडे गळाले तर पान अर्धंच उमटतं. माणसाच्या बोलण्यातला एखादा तुकडा गळाला तरी आपण समजून घेतो, यंत्राला ते जमत नाही. दोन दिवस मी याचाच विचार करते आहे.

तुम्ही लाइनमन, आज असतात तर तुम्हाला यात गोडी वाटली असती. चौथीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं वाचन तुमच्या खांबांनी शिकवलं. आठवतं, तेव्हा बेलापूरच्या आपल्या स्वयंपाकघरात खात्याचा फोन वाजतो, तुम्ही खांबावरून म्हणता, "वाच गं कायतरी, लाईन बघायची हाय." मी साखरेच्या पुडीचा कागद सरळ करते आणि अडखळत वाचते. एकदा अवघड शब्द आला म्हणून मी गप्प बसले. तुम्ही भर उन्हात दोन खांब मागे जाऊन तार तपासलीत. संध्याकाळी केवढे रागावलात. "चुकलं तर चुकू दे. गप ऱ्हायलीस की मला वाटतंय तार तुटली."

हे गेले त्या वर्षी तुम्हीच हा फोन माझ्या भिंतीला लावलात. "एकटी हायेस, बोलत जा," एवढंच म्हणालात.

आता डायल फिरवलं तर डबीला काही कळत नाही. डायलने तार तुटते-जुळते, ते ठोके तिला मोजता येत नाहीत; तिला बटणांचे सूर हवेत. "आलेला घेता यील, लावता न्हाई यायचा," बाई म्हणाली. "बटनाचा घ्या की." मी नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि फोन वाजला. हात धुवायचेही राहिले.

"आवाज लई जवळ आला गं तुजा," अक्का म्हणाली. मी तिला डायलचं सांगितलं. ती हसली. "मंग काय बिघडलं? तू कवा लावलास?"

खरं आहे, अण्णा. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही आपणहून फोन केला नाही. आपण लावला की आपल्याला बोलावं लागतं, आणि मला वाटायचं की मी रडेन. तिचा आला की ती बोलते, मी ऐकते. मोबाईल इथेच आहे, तोही तसाच पडून असतो.

बटणांचा फोन का नको, असं त्या बाईने विचारलं. वडिलांची आठवण आहे, असं मी सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं; बटणांचा घेतला असता तर लावता येत नाही असं म्हणता आलं नसतं.