उघड्या टपाची गाडी

चिमणे,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तुझंच खरं झालं हे कळलं, तर जन्मभर ऐकवशील.

तू कधीपासून मागे लागली होतीस, ती मोटारसायकल अखेर विकली. सिग्नलला गुडघ्याने दगा दिला आणि मी, तुझी आई आणि गाडी, तिघेही आडवे झालो. फक्त खरचटलं, म्हणून तुला कळवलं नाही.

आता उघड्या टपाची, दोनच माणसांची छोटी गाडी घेतली आहे. शेजारी म्हणतात, म्हातारा चळला. काल संध्याकाळी टप उघडून तळ्याच्या रस्त्याने निघालो. झाडांच्या सावल्या आमच्या मांड्यांवरून सरकत होत्या. वाराही पेंगुळल्यासारखा वाहत होता. तेवढ्यात शेजारून गुणगुणणं ऐकू आलं. आई डोळे मिटून गात होती.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"लग्न झाल्यापासून. मागे बसून रोज गायचे की! हेल्मेटमध्ये तुम्हाला काय ऐकू येणार?"

घराचं वळण आलं, तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "सरळ घ्या."

मी गाडी सरळ घेतली, आणि वेग आणखी कमी केला.

तुझा हट्टी
बाबा