सात नंबरची वाटी

२ जानेवारी, सकाळी ११.२०
तीन वर्षं निवृत्त होऊन धूळ खाल्ली, आज पुन्हा कामावर! प्रयोगशाळा लख्ख आहे. मी नोंदवही लिहायची. इथल्या पदवीधरांचं अक्षर म्हणजे मेलेल्या झुरळाच्या तंगड्या. माणसाच्या श्वासमार्गाचं अस्तर इथे बटणाएवढ्या वाटीत वाढवतात. खालून गुलाबी खाद्य, वरून हवा. मग त्यावर धूर सोडून इजा मोजतात. इथल्या प्रमुख मॅडम चपळ, प्रत्येक काम वेळेआधी उरकणाऱ्या. मला आवडल्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या नाकात ब्रश फिरवला. सर्दीची तपासणी असावी. म्हणाल्या, झालं हं, आजी! मी सांगितलं, मला नातवंडं नाहीत, बाई म्हणा.

३० जानेवारी
वाट्या तयार झाल्या. सूक्ष्मदर्शकाखाली अस्तरावरचे बारीक केस सगळे एकाच दिशेला हलतात, घाण बाहेर ढकलतात. आमच्या शाळेतल्या सिस्टरनी रांगेत चालवलेल्या मुलीच जणू. सात नंबरच्या वाटीतले सर्वांत तडफदार. मॅडम म्हणाल्या, हिच्या पेशींचा दाता भलताच चिवट दिसतोय.

३ फेब्रुवारी
१०.०५ ला सात नंबरवर डिझेलचा धूर सोडला. १०.०५ लाच मला ठसका लागला, तो संध्याकाळपर्यंत. धाकटी बहीण विचारते, ताई, तू नोकरीला जातेस की सिगारेटी ओढायला?

५ फेब्रुवारी
सात नंबरला दुप्पट धूर दिला. मी दोन खोल्या पलीकडे डबा खात होते. रुमालात काळा कफ. बाकी वाट्यांना धूर देतात तेव्हा मला काहीच होत नाही.

९ फेब्रुवारी
दात्यांची यादी काढली. सात नंबर: स्त्री, वय ६१, नमुना २ जानेवारी, सकाळी ११.२०.
मला न विचारता! मॅडमनी शांतपणे माझ्या नोकरीच्या अर्जाचं शेवटचं पान दाखवलं: नमुना देण्यास संमती. खाली माझीच सही. वाचल्याशिवाय सही करू नका, असं चाळीस वर्षं जगाला बजावत आले आणि स्वतः चष्मा न लावताच—

१० फेब्रुवारी
लेखी तक्रार दिली, तीन प्रतींत. सात नंबरची वाटी ताबडतोब नष्ट करावी. मॅडमनी लगेच मान्य केलं. म्हणाल्या, बाई, तुमचा शब्द मोडवेल का? उद्या चार वाजता. प्रथमच बाई म्हणाल्या. जिंकले.

११ फेब्रुवारी, दुपारी ३.१०
वाट्या नष्ट कशा करतात ते आज विचारलं. ब्लीचमध्ये बुडवतात. वीस मिनिटं.
धावत मॅडमकडे गेले. हसल्या. म्हणाल्या, काल नष्ट करा, आज करू नका, एकदा काय ते ठरवा, आजी.

३.३०
दुसरी तक्रार. सात नंबर बुडवू नये. धूर देऊ नये. खाद्य चालू ठेवावं, मी जिवंत असेपर्यंत. लेखी उत्तर आज चारच्या आत हवं. तोंडी चालणार नाही.

३.४१
उत्तर नाही. वाट्यांच्या उबदार कपाटात सात नंबरची जागा रिकामी.
अजून एकोणीस मिनिटं आहेत. नियम म्हणजे नियम. लेखी उत्तर, सही-शिक्क्यासह, चारच्या—
नाकात ब्लीचचा वास—
आधी उरकतात. मॅडम प्रत्येक काम वेळे—