काळ्या मुठीची तलवार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, घड्याळ दुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त, माझ्यामागे कोणाला काय द्यायचे ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे येते ते वयाने, कुणाच्या धाकाने नव्हे. चार दिवसांत हे तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीचे दोन्ही कागद फाडले, ते रद्द समजावेत.

१. राहत्या दोन खोल्या आणि घड्याळाची सर्व अवजारे भाचीला. अंमलबजावणीही तिनेच करावी, आणि नेहमीसारखा घोळ घालत बसू नये.

२. मी हौसेने जमवलेल्या आरमारी तलवारी आठ, बंदराजवळच्या संग्रहालयाला. पांढरी मूठ आणि मुठीच्या टोकाला सिंहाचे डोके असलेल्या पाच अस्सल. दोन जोडलेल्या, म्हणजे पाते एकीचे, मूठ दुसरीची. एक साफ खोटी; "समुद्रातून काढलीय" म्हणत दलालाने माझ्या गळ्यात मारली. तिचा गंज आम्लाने चढवलेला आहे. प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आहे, ती कुणी बदलू नये. धाकट्या बहिणीला एकाही पात्याला हात लावू देऊ नये. तिने एकदा भांड्यांच्या पावडरीने कोरीवकाम घासून काढले आणि वर म्हणाली, "बघ, कशी लख्ख झाली!" आमचे बोलणे चालू आहे, पण मी ते विसरलेले नाही. तिला भिंतीवरचे मोठे घड्याळ द्यावे. ते काचेच्या आत असते.

३. नववी, काळ्या मुठीची, समोरच्या दारातल्या कप्तानांची. (कप्तान ते कधीच नव्हते, बंदरात जहाजे ओढणारी बोट चालवत. सगळे तशीच हाक मारतात.) सहा वर्षांपूर्वी त्यांनी ती घरच्या सगळ्यांसमोर मला दाखवली. "आमच्या आजोबांची. जहाजावर सुतार होते." मी भिंगसुद्धा लावले नाही.

"अहो, अधिकाऱ्याची मूठ पांढरी असते, सिंह असतो. ही नाटकातली."

"पण नांगर कोरलाय की, बाई."

"नांगर काय, बटणांवरही असतो."

सुना हसल्या. दुसऱ्या दिवशी तलवार जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या दाराशी ठेवलेली. त्यानंतर जिन्यात ते बाजूला होऊन मला वाट देत, बोलत मात्र नसत.

गेल्या महिन्यात जुन्या गणवेशांच्या पुस्तकात वाचले: सुतार, तोफांचे मिस्त्री असे खालून वर चढलेले अधिकारी काळ्या मुठीची, बिनसिंहाची तलवार बाळगत. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. सबब ही तलवार माझ्या पश्चात कप्तानांना

कलम ३ रद्द. इथवर लिहिले आणि उठले. मेल्यावर चूक कबूल करायला काय लागते? तलवार घेतली, समोरचे दार वाजवले, सुनांनाही बाहेर बोलावले.

"मी चुकले. ही अस्सल आहे. जहाजावरच्या सुताराचीच."

ते बराच वेळ मुठीवरून बोट फिरवत राहिले. "सहा वर्षं नातवंडांना सांगतोय मी, माझे आजोबा थापा मारायचे."

मी हा कागद पुढे केला आणि साक्षीदार हवा आहे एवढेच म्हणाले.

"मला काही ठेवलंयत का त्यात?"

"काही नाही. ठेवलं असतं तर तुमची सही चालली नसती."

"मग द्या पेन."

वरील सर्व वाचून, दोघांच्या समक्ष सही केली.

ठिकाण: दुसरा मजला, जिन्याजवळ
दिनांक: १४ मार्च, सकाळी

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार १: (सही) खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई

साक्षीदार २: (सही) ~~कप्तान~~ जहाजावरच्या सुताराचा नातू