बर्फावरच्या बुटांची धार

वस्ताद, या आठवड्यात मी बुटांना धार लावली. तुम्ही असता तर आधी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं असतं आणि मग म्हणाला असता, "चपला पन आन रं, त्याबी राहिल्यात." पण ते बूट खरे होते. काळे, घोट्याच्या वर येणारे, हातभर नाड्या असलेले, आणि तळव्याखाली पोलादाचं उभं पातं. पातं वीतभराहून लांब आणि बरोबर एक सूत जाड. ते घालून बर्फावर पळतात आणि काठीनं एक रबराची चकती मारतात. त्या खेळाला आइस हॉकी म्हणतात. आपल्याकडे बर्फ दिसतो तो मासळीच्या टोपलीत नाहीतर रसाच्या गाड्यावर, त्यामुळे मलाही हे माहीत नव्हतं. तुम्हाला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, तुम्ही जिथे गेलात तिथे काय दिसतं ते मला ठाऊक नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. शाळा सहावीत सुटली, अक्षर तेव्हाचंच आहे, जोडाक्षरं चुकली तर चालवून घ्या.

बूट घेऊन आली ती एक मुलगी, कॉलेजातली. वडील इथेच देवळाली कॅम्पात फौजेत आहेत, गाव लडाखकडचं. लहानपणापासून कॅम्पातच वाढल्यामुळे मराठी आपल्यासारखं बोलते, मध्ये मध्ये हिंदी येतं. दुकानात शिरली आणि म्हणाली, "काका, तुम्ही कशालाही धार लावता का?" मी म्हटलं, "जीभ सोडून सगळ्याला." हे तुमचंच वाक्य, मी अजून तेच सांगतो. ती हसली आणि पिशवीतून बूट काढले. तिच्या धाकट्या भावानं ते घालून गच्चीच्या कोब्यावर फेऱ्या मारल्या होत्या. पात्यांना खरवडे पडले होते, एका ठिकाणी तर चक्क दात निघाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची गाडी. गावी पोचल्यावर एक दिवस सोडून सकाळी संघाची निवड. मागच्या वर्षी वळण घेताना पाय निसटला आणि ती राहिली. यंदा नाही झाली तर वयात बसणार नाही. मी विचारलं, तिथे कोणी करत नाही का हे काम. म्हणाली, "करतात, पण सगळ्यांची एकदम रांग लागते. माझा नंबर येईपर्यंत निवड होऊन जाईल. नाशिकरोडला दोन दुकानात गेले, ते म्हणाले हे आपलं काम नाही."

तसं म्हणायला हवं होतं मीही. पण मी डावा बूट हातात घेतला, मोटर चालू केली, आणि टाचेकडून पातं तिरकं धरून चाकाला लावलं. आयुष्यभर सुऱ्या, कोयते, कात्र्या केल्या, हात आपोआप तिरका होतो. ठिणगी उडाली न उडाली तोच ती ओरडली, "काका, थांबा, थांबा. ती सुरी नाहीये." मोटर बंद केली तर टाचेजवळ नखाएवढा तिरका पट्टा पडलेला. मी बूट चाकापासून लांब धरला. तिनं मात्र शांतपणे उजवा बूट उलटा करून दाखवला. पात्याच्या खालच्या अंगाला लांबीनं एक उथळ पन्हळ असते आणि पन्हळीच्या दोन्ही काठांना धार. एक धार नाही, दोन. आतल्या काठावर जोर दिला की आत वळता येतं, बाहेरच्यावर दिला की बाहेर. दोन्ही काठ एका उंचीचे नसले तर माणूस सरळसुद्धा उभा राहत नाही. ती बोलत होती तेव्हा लांब तोफांचा सराव चालू होता, काचेच्या कपाटातल्या कात्र्या थरथरत होत्या, आणि मी त्या तिरक्या पट्ट्याकडे बघत होतो.

मग मला तुमचा वस्तरा आठवला. पलटणीचे न्हावी यायचे, तुम्ही त्यांच्या वस्तऱ्याला पोट काढून द्यायचात, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजू बारीक गोल चाकावर आत दाबून घ्यायच्या. मी पहिला वस्तरा केला तेव्हा तुम्ही उजेडाकडे धरून म्हणाला होता, "पोट काढ म्हनलं, आतडी नाय." तेच काम इथे पात्याच्या तळाला होतं. मी मुलीला म्हटलं, उद्या दुपारी ये. तिनं गोलाई सांगितली, अर्धा इंच त्रिज्या. मी इंचभर व्यासाचा वायसर शोधला, त्यावरून पत्र्याचा साचा कापला, आणि चाकाचं तोंड घासून घासून त्या साच्यात बसेल इतकं गोल केलं. मग दोन सागवानी पट्ट्यांमध्ये पातं घट्ट आवळलं, म्हणजे हात तिरका व्हायला जागाच राहू नये. पातं आडवं ठेवून टाचेपासून पंजापर्यंत एका दमात न्यायचं. मध्ये थांबलं की खड्डा, जोर दिला की पोलाद तापून निळं पडतं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. दर फेरीला ओलं फडकं. डाव्या बुटाला सहा फेऱ्या जास्त द्याव्या लागल्या, तो पट्टा जायला. म्हणजे डावं पातं उजव्यापेक्षा कागदाच्या जाडीइतकं जास्त झिजलं असणार. हे मी तिला सांगितलं नाही. सांगावं की नाही याचा विचार जेवतानाही चालू होता, सुनेनं दोनदा विचारलं आमटी खारट झाली का.

काठ सारखे आहेत का ते काटकोनाचा गुण्या लावून पाहिलं. कुठल्याच काठाखालून उजेड येत नव्हता. नखावर काठ ओढला तर पांढरं पीठ निघत होतं. पण धार कळते ती अंगठ्याला, हे तुम्हीच शिकवलं. आणि इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी घरी कोणाला सांगितलेली नाही. माझ्या बोटांना आता काही कळत नाही. साखरेमुळे नसा गेल्या असं डॉक्टर म्हणतात. पायाला आधी झालं, मग हाताला. दोन वर्षं झाली असतील. अंगठा धारेवर ठेवला तर जाड मोजा घालून ठेवल्यासारखं वाटतं. रक्त आलं की मग समजतं. मी डोळ्यांनी, आवाजानं, कागद कापून काम चालवतो. कात्रीला ते पुरतं. मुलाला कळलं तर तो दुकान बंद करायला सांगेल, आणि मग दिवसभर घरात मी काय करू. बायको होती तेव्हा गोष्ट वेगळी होती. ती गेली तेव्हाही मला फार काही वाटलं नाही, वाटायला हवं होतं एवढं फक्त कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, रिक्षा बाहेर थांबवूनच. बूट समोर ठेवले आणि मी म्हटलं, "बघ, लागतं का?" म्हणजे काठ बोटाला पकडतो का. हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझे मलाच ऐकू आले. हे वाक्य माझं नव्हतं. तुमच्या चाकावरच्या शेवटच्या तीन-चार वर्षांत प्रत्येक काम झालं की तुम्ही ते माझ्यापुढे करायचात आणि म्हणायचात, "बघ रं, लागतं का?" मला वाटायचं माझी परीक्षा घेताय. इतका तयार झालो तरी अजून विश्वास नाही, असं वाटून राग यायचा. सत्तरी आल्यावर, त्या मुलीपुढे उभं राहिल्यावर मला समजलं, तुम्ही शिकवत नव्हता. विचारत होता.

मग ती दसऱ्यानंतरची छाटणी आठवली. द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू झाली की आपल्याकडे कात्र्यांचा ढीग पडायचा. माझं नवीन लग्न झालेलं, कळवणला सासरी कार्यक्रम होता, मी दोन दिवस मागितले. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला, "बायको कुठं पळून नाय चालली. छाटनी चाललीया." एक जण म्हणाला, "जाऊ द्या वस्ताद, नवा गडी हाय." तुम्ही म्हणाला, "नवा हाय म्हनूनच. जुना झाल्यावर सोताच नाय जायाचा." सगळे हसले. मी नाही हसलो. त्या दिवशी दुपारी तुम्ही दिंडोरीच्या बागायतदाराच्या बारा कात्र्या केल्या आणि माझ्यापुढे सरकवल्या. "बघ रं, लागतं का?" मी म्हटलं, "लागतं." चौथ्या दिवशी तो माणूस परत आला. कात्र्यांनी काड्या कापल्या नव्हत्या, चेचल्या होत्या. चेचलेल्या काडीतून रोग शिरतो. अर्धा एकर खराब झाला होता. त्यानं सगळ्या बाजारासमोर कात्र्या फळीवर टाकल्या आणि म्हणाला, "म्हातारा झालास वस्ताद, बस आता घरी." मी वाट पाहत होतो की तुम्ही माझ्याकडे बघाल, मला काहीतरी म्हणाल. तुम्ही कात्र्या गोळा केल्या आणि पुन्हा करून दिल्या, या वेळी माझ्याकडून. आठवड्यानं तुम्ही मला म्हणाला, "आजपासनं तू बस चाकावर." मी पेढे वाटले. तेव्हापासून ज्यानं विचारलं त्याला हेच सांगत आलो, की माझा हात बघून वस्तादांनी हयातीतच चाक माझ्या स्वाधीन केलं. माझ्या मुलालाही हेच ठाऊक आहे. तुम्ही फळीजवळच्या स्टुलावर बसायला लागलात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला लागलात, आणि मला वाटलं तुम्ही आता मजेत आहात.

आज सकाळी तिकडे निवड आहे. नऊ वाजून गेले असतील. मी दुकान उघडलंय पण मोटर चालू केलेली नाही. मुलीनं तिचा नंबर मोबाईलमध्ये घालून दिलाय, निकाल लागला की कळवते म्हणाली. डावं पातं जास्त झिजलंय हे तिला पायात घातल्यावर कळेल का, वळताना कळेल का, की पडल्यावर, एवढंच डोक्यात फिरतंय. खरं तर पट्ट्याचं मला तेवढं भय नाही. मी तिला "लागतं का" विचारलं तेव्हा मला लाज वाटली आणि मी पाठ फिरवून उगीच चाकावरचं फडकं झटकत बसलो. तिनं बोट लावलं की नाही ते मी पाहिलं नाही. रिक्षावाला भोंगा वाजवत होता. ती म्हणाली, "हो काका, लागतंय. एकदम मस्त." आणि गेली. फार पटकन म्हणाली. तसं म्हणणं कसं असतं ते मला ऐकल्याबरोबर ओळखू आलं. मी तिला हाक मारायला हवी होती, पुन्हा बघ म्हणायला हवं होतं, आणि मी फडकं झटकत राहिलो.

वस्ताद, हा कागद पाठवायचा कुठे हा प्रश्नच नाही. त्या दिवशी "लागतं" म्हणालो तेव्हा त्या बारा कात्र्यांपैकी एकही मी उचललीसुद्धा नव्हती.