आबा मला पाठवणार होते

आबा, गेली कित्येक वर्षं मी तुम्हाला फळ्यावर लिहिते आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नाही. मी शहाद्याला शाळेत इंग्रजी शिकवते. त्यात एक धडा येतो: पूर्वी कुणी काय करायचं ठरवलं होतं, पुढे काय होईल असं कुणाला वाटत होतं, ते आज कसं सांगायचं. वॉज गोइंग टू, वुड, असली मंडळी. आपण 'जाणार होतो' म्हणतो आणि मोकळे होतो, तेवढंच ते. उदाहरण म्हणून मी दरवर्षी एकच वाक्य लिहिते, 'माय फादर वॉज गोइंग टू सेंड मी टू कॉलेज', आणि पोरं मुकाट्याने उतरवून घेतात. यंदा धडगावकडची एक मुलगी उभी राहिली. घरी पावरी बोलणारी, मराठीसुद्धा शाळेत येऊन शिकलेली, पण जीभ कसली तिखट! म्हणाली, "मॅडम, ते पाठवणार होते, हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्यांनी?" वर्ग खदखदून हसला. मी "बस खाली" म्हणाले, पण तास संपेपर्यंत माझं चित्त काही ठिकाणावर आलं नाही.

कारण तुम्ही सांगितलंच नव्हतं ना. बारावीचा निकाल लागला होता. तुम्ही चुलीपुढे पाटावर बसला आहात, ताटात कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. माय मला कोपराने ढोसते, विच्यार, विच्यार. आदल्या दिवशी तीच म्हणाली होती, तुझे आबा आधी गुरगुरतील आणि मग हो म्हणतील. मी एका दमात विचारते, नंदुरबारला कॉलेजात जाऊ का, इंग्रजी घेऊन? तुम्ही मान वर करत नाही. घास संपवता, हात धुता, टॉवेलला पुसता आणि म्हणता, "सांगसू." एवढंच. आणि पपईला पाणी द्यायला निघून जाता. त्याच आठवड्यात त्याच पपईच्या वावरात तुमच्या छातीत कळ आली. सांगायचं राहूनच गेलं. मी मात्र त्या एका शब्दाचा कीस काढत बसले. फवारणीच्या औषधाचा डबा आणला की तुम्ही मला हाक मारायचात, "काय लिव्हेल शे, वाच." मी वाचायचे, अर्थ सांगायचे, आणि तुम्ही शेजारच्या वावरातल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणायचात, "बस, एवढं इंग्रजी बहू झायं!" आता हे कौतुक होतं की कुंपण, सांगा बरं?

दहाव्याला आम्ही सगळे प्रकाशा गावी, तापीच्या घाटावर. पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या निंबावर बसून नुसता मान वाकडी करून बघत होता, अगदी तुमच्यासारखा. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं ते ओळखून कबूल करावं लागतं, तेव्हा तो येतो, असं आपल्याकडे धरतात. मग काय, जो तो तुमच्या मनात शिरला. बोअरला नवी मोटर बसवू. गोऱ्हा विकणार नाही. आत्याला दिवाळीला आणू. कावळा हलेना. उन्हात सगळ्यांचे पाय भाजत होते. शेवटी काका हात जोडून पुढे झाले. त्यांनी खांडबाऱ्याचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मोठ्याने म्हणाले, "भाऊ, पोरनं लगीन मी करी दिसू!" आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत मागे बायांमध्ये बसलेली माय ओरडली, "पोरले नंदुरबारले शिकाडसू!" दोन्ही आवाज एकात एक, आणि कावळा खाली. घास घेऊन उडालासुद्धा.

काय गोंधळ झाला, आबा! काका म्हणतात, माझं ऐकून आला. माय म्हणते, माझं. मामा म्हणतात, आधी काकांचा आवाज निघाला. आत्या म्हणते, पण पंख हलले ते वहिनी बोलल्यावर. भटजी वैतागून म्हणाले, आधी आंघोळी करा, भांडण घरी जाऊन करा. मी तिथे ओल्या पायरीवर उभी होते, आणि माझं सगळं आयुष्य एका कावळ्याच्या कानावर लटकलेलं. माय हटली नाही. तुमचा शब्द मोडला तर पाप लागेल, असं तिने काकांना तोंडावर सुनावलं आणि मला एसटीत घालून नंदुरबारला नेलं. काकांनी पुढचं वर्षभर तिच्याशी बोलणं टाकलं. तेही बिचारे तुमचा शब्दच पाळायला निघाले होते. आणि मी? मी तेव्हापासून धरून चालले की आबा मला पाठवणार होते. शिकले, नोकरीला लागले, फळ्यावर लिहीत गेले.

त्या मुलीने विचारलं त्या संध्याकाळी मी घरी आले तर माय पडवीत मुगाच्या शेंगा सोलत होती. आता तिला कमी दिसतं, पण बोटं चालतात. मी म्हटलं, माय, आबा मला पाठवणार होते ना? तिने शेंग खाली ठेवलीसुद्धा नाही. "नही. तुन्हा आबा नही म्हणणार व्हतात. त्यासनी माले त्याच रातले सांगेल व्हतं." मग घाटावर तू ओरडलीस ते? "माले फक्त तुन्हा काकाना आवाज दाबाना व्हता. कावळानं काय, तो भुक्या व्हता." आणि हसली. मीही हसले आणि तिच्या शेजारी शेंगा सोलायला बसले.

तेव्हापासून तुमच्याशी भांडतेच आहे. भाजी चिरताना, वह्या तपासताना. तुम्ही नाही म्हणाला असतात, मी जेवण सोडलं असतं, तुम्ही दोन दिवस बघून न बघितल्यासारखं केलं असतं. पुढचं मला दिसत नाही. तुम्ही नमला असतात की मी, याचा अंदाज मी कितीदा बांधला, दर वेळी वेगळा निघाला. हे लिहिलं खरं, पण धाडू कुठे? माय विचारेल काय लिहितेस, तर पेपर काढतेय म्हणेन.

एक सांगते, आबा. इतकी वर्षं मी तुमचा होकार पदराला बांधून फिरले, तो नव्हताच हे कळलं, तरी त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटतं की तुम्ही माझ्या तोंडावर नाही म्हणेपर्यंत तरी जगायला हवं होतंत.